क्रमांक चारचा पट्टा

३ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. अक्षर अजून तसंच टपोरं आहे, पण ओळी उजवीकडे चढायला लागल्यात. चष्म्याचा नंबर तपासून घे. मी फोनवर घसा फोडायचा आणि तू "काय? कोण पडलं?" असं विचारायचं, त्यापेक्षा आपलं हे पत्रांचं बरं चाललंय. तरी कानाचं यंत्र डबीतून काढून कानात घालत जा बाई. डबीला ऐकू येऊन काय उपयोग?

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण ऐकतो. सध्या माझी कॉलेजातली खोली आवरतेय. एकतीस वर्षं एकाच खोलीत काढली की काय काय साठतं म्हणून सांगू! वायरींची भेंडोळी, मोडकी मीटरं, विद्यार्थ्यांचे प्रबंध. एका कपाटातून चहाचे सात कप निघाले, सातही माझेच. सोल्डरकाका आठवतात ना, आमचे जुने तंत्रज्ञ, ज्यांच्या शर्टांना कायम जळाल्याची भोकं असायची? त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी रोज येऊन दारात उभे राहतात आणि मी काहीही टाकायला उचललं की म्हणतात, "हे नको, हे लागेल." कुणाला लागेल, ते मात्र सांगत नाहीत.

आता मुद्द्याचं. सत्तावीस तारखेला माझा निरोप समारंभ आहे हे तुला कळलंच म्हणायचं. आमची विभागप्रमुख माझीच विद्यार्थिनी, त्यामुळे तिच्या हौसेला मी आवर घालू शकत नाही. "घरचं कोण बोलणार, मॅडम?" म्हणून विचारत होती. मी म्हटलं, कुणी नाही. तर पोरीनं परस्पर तुलाच पत्र धाडलं! आणि तूही लगेच होकार कळवून मोकळी झालीस.

ताई, तू येऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथली लिफ्ट तिच्या मनात आलं तरच चालते. बसचे चार तास, त्यात तुझी कंबर. शिवाय आमच्याकडे एकदा माईक हातात आला की माणसाला सोडवत नाही, आणि तुला त्यातलं निम्मंही ऐकू येणार नाही. त्यापेक्षा समारंभ होऊन जाऊ दे, मग आठ दिवस निवांत राहायला ये. मलाही तेव्हा वेळच वेळ असेल.

आणि आलीसच, तर भाषण वगैरे नको. भावजींचं तर मुळीच काही बोलू नकोस. उगीच तुला भरून येईल, आणि मग मलाही.

भाचीला सांग, मावशीनं तिचे फोटो पाहिले. केस कापलेत ते शोभतात.

तुझी,
धाकटी


१२ ऑगस्ट

ताई,

तुझं सव्वा पानाचं पत्र आलं. त्यात "मी येणारच" हे तीनदा. लिफ्ट बंद असली तर पायरीवर बसत बसत चढेन, हे एकदा. आणि सोबत भाषणाची नक्कल, "शुद्धलेखन तपासून पाठव" म्हणून.

मी ती कॉलेजातच उघडली. चूक एकच आहे, 'निवृत्ती'ची शेवटची वेलांटी दुसरी दे. बाकी तू फार छान लिहिलंयस. माझ्या वेण्या घालण्यापायी तुझा कॉलेजचा पहिला तास बुडायचा, हे तू लिहिशील असं वाटलं नव्हतं. आणि शेवटी लिहिलंयस: "माझी बहीण काळजाचे ठोके ओळखणारी यंत्रं करते. तिच्या पहिल्या यंत्राचा पट्टा माझ्या नवऱ्यानं शिवला आणि बांधून घ्यायलाही तोच बसला. त्याचं काळीज चांगलं होतं, म्हणून ते यंत्र चांगलं झालं."

हे वाक्य मी तुला बोलू देऊ शकत नाही. लिफ्ट, बस, कंबर, सगळी निमित्तं होती. तू ओळखलंच असशील.

तीन दिवस लिहायला बसतेय. पहिल्या दोन्ही पत्रांत मी हवापाण्याशिवाय काही लिहिलं नाही, म्हणून ती फाडली. हे फाडणार नाही.

चौदा वर्षांपूर्वीचं ते यंत्र तुला आठवत असेल. जिथे डॉक्टर नाही अशा दवाखान्यात नर्सनं माणसाच्या छातीला पट्टा बांधायचा आणि काळजाच्या ठोक्यांची रेघ यंत्रानं काढायची, एवढंच काम. पण काळजातून निघणारी वीज इवलीशी असते ग, टॉर्चच्या सेलच्या हजाराव्या भागाएवढी. माणूस नुसता खोकला तरी रेघ वेडीवाकडी होते. बाजारातून आणलेले पट्टे एक तर घसरायचे, नाही तर माणसाचा श्वास कोंडायचा. मी तुझ्याकडे येऊन रडगाणं गायले आणि तू म्हणालीस, घरात शिंपी असताना बाजारात कशाला जातेस?

मग भावजी आले. गळ्यात टेप, कानावर खडू. त्यांनी माझं माप घेतलं, सोल्डरकाकांचं घेतलं, ग्रंथपालांचं घेतलं. ग्रंथपालांना इतक्या गुदगुल्या झाल्या की वाचनालयातून माणसं बघायला आली. भावजींनी आमचा जुना पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, "माणूस श्वास घेतो, हे तुम्हा इंजिनिअर लोकांना कुणी सांगितलं नव्हतं का?" चार दिवसांनी नवा पट्टा घेऊन हजर. ताणणारी पट्टी फक्त पाठीवर, पुढे जाड कापड, आतून सेन्सरसाठी तीन खिसे. असा बसायचा की बांधलाय हे विसरायला व्हावं.

आमच्याकडे एक रीत आहे. नवं यंत्र पहिल्यांदा आपल्याच माणसांना बांधायचं. सहा निरोगी माणसं, प्रत्येकी चाळीस मिनिटं. ही रेघ चांगली असं धरायचं आणि पुढच्या रोग्यांच्या रेघा तिच्याशी ताडून पाहायच्या. पहिली मी, दुसरे सोल्डरकाका, तिसरे ग्रंथपाल. चौथे भावजी. खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मधूनच काहीतरी वाचून दाखवायचे आणि मी ओरडायची, "भावजी, बोलू नका हो, रेघ हलते!" मग मिनिटभर गप्प.

ते सगळं तपासायला मी संगणकाला एक नियम घालून दिला होता. दोन ठोक्यांमधलं अंतर एकदम कमीजास्त व्हायला लागलं, की समजायचं पट्टा घसरला. तेवढा भाग वगळायचा. बाकीच्या पाच जणांची दहा-वीस सेकंदं गेली. भावजींची नऊ मिनिटं गेली, सलग.

मी त्यांना म्हटलं, "तुमचा पट्टा सैल झाला की हो, भावजी."

ते म्हणाले, "धाकटे, माणूस सैल होईल. माझा पट्टा नाही व्हायचा."

आम्ही सगळे हसलो. मी वहीत लिहिलं: क्र. ४. पट्टा सैल. नऊ मिनिटं वगळली. खाली माझी सही.

पट्टा सैल नव्हता, ताई.

पाच आठवड्यांनी कोटाचं कापड बेतताना त्यांच्या हातातून कात्री पडली. पुढचं तुला मी काय सांगणार? डॉक्टर म्हणाले, काळजाची लय मधूनमधून बिघडत असणार, त्यानं रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. "हे आधी लक्षात आलं असतं तर..." एवढं म्हणून ते थांबले. मी तुझा हात धरून तिथेच उभी होते.

आठव्या दिवशी मी कॉलेजात जाऊन क्रमांक चार उघडला. वगळलेला भाग आम्ही कधी पुसत नाही, नुसता बाजूला ठेवतो. ती नऊ मिनिटं मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. पट्टा घसरला की सगळी रेघच वरखाली हेलकावते. ही रेघ सरळ होती, एकेक ठोका लख्ख. फक्त त्यांच्यामधली अंतरं मनाला येईल तशी. तुला कळेल असं सांगते. दोरा चांगला, ताण चांगला, पण टाके एक लांब, दोन आखूड, परत लांब. असं शिवलेलं तू हातात धरल्याबरोबर ओळखलं असतंस. मलाही ओळखू आलं असतं. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना मी हेच शिकवत होते! पण शनिवारी अहवाल द्यायचा होता, सहाच्या सहा नमुने चांगले निघायला हवे होते, आणि भावजींसारख्या ठणठणीत माणसाला काही असेल हे माझ्या मनातही आलं नाही. म्हणून बघितलंच नाही.

नंतर एका हृदयाच्या डॉक्टरांना मी ती रेघ दाखवली. कुणाची ते सांगितलं नाही. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या असत्या तर टळलं असतं का, असं विचारलं. ते म्हणाले, कदाचित टळलं असतं, कदाचित नसतं. त्या उत्तराशी मी चौदा वर्षं झगडतेय.

भावजी त्यानंतर अडीच वर्षं होते. डाव्या हातानं खडू धरून ते कापडावर खुणा करायचे आणि तू कापायचीस. मी दर रविवारी फळं घेऊन यायची. ते तोंड वाकडं करत विचारायचे, "काय म्हणतंय यंत्र?" मी म्हणायची, छान आहे. एकदा ठरवून आले होते. तू बाहेर कपडे वाळत घालत होतीस, खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "भावजी, मला तुम्हाला एक सांगायचंय." ते म्हणाले, "लग्न ठरलं की काय तुझं? आता कोट कोण शिवणार?" आणि स्वतःच खो खो हसले. मी हसले आणि फळं कापायला उठले. मी भित्री आहे ग.

आता माझं नाव ज्या यंत्रामुळे झालं, त्याचं सांगते. ते यंत्र अशा रेघा वगळत नाही. शंका आली की थांबतं, घंटी वाजवतं आणि नर्सला बोलावतं: तू ये आणि तुझ्या डोळ्यांनी बघ. एवढीच माझी हुशारी. विद्यार्थी मला पाठीमागे कचरापेटी मॅडम म्हणतात, कारण मी प्रत्येकाला आधी त्यानं वगळलेलं काय ते दाखवायला लावते. त्यांना वाटतं ही माझी खोड आहे. ते यंत्र आज कितीतरी दवाखान्यांत आहे, कितीतरी जणांना वेळेवर गोळ्या मिळाल्या. मला त्याचं बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मोठं पारितोषिक मिळालं तेव्हा मी व्यासपीठावर म्हणाले, "एका स्वयंसेवकाच्या नोंदीवरून ही कल्पना सुचली." तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस. स्वयंसेवक! भावजींना मी स्वयंसेवक म्हटलं, ताई, तुझ्यासमोर.

तुला त्रास होऊ नये म्हणून गप्प राहिले, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नाहीये ते. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून माझं माणूस म्हणजे तू. हे कळल्यावर तू मला टाकलंस तर मी कुठे जाऊ, एवढीच भीती होती. अजून आहे.

आता तू ठरव. ये, नको येऊस, विभागप्रमुखांना हे पत्र दाखव, सभेत वाचून दाखव. मी काही म्हणणार नाही. फक्त ते वाक्य म्हणू नकोस. त्यांचं काळीज चांगलं होतं यात शंकाच नाही, पण ते दुखत होतं, आणि तसं ते सांगत होतं. मी ऐकलं नाही.

'तुझी' लिहू की नको, कळत नाही. जागा मोकळी ठेवते.

                    
धाकटी


१९ ऑगस्ट

धाकटे,

पत्र शनिवारी आलं. लेकीनं विचारलं, मावशी काय म्हणते? मी म्हटलं, काही नाही, खोली आवरतेय. पत्र शिलाई मशीनच्या खणात ठेवलं. दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. दोन्ही दिवस तू हरलीस.

तुला माहीत नाही असं एक सांगते. त्या दिवशी हे घरी आले. जेवायला बसले नाहीत. दुसरा तसलाच पट्टा दुकानात होता, तो घेऊन उसवायला बसले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "धाकटी म्हणतेय सैल झाला." मी म्हटलं, ती काय, काहीही बोलते. तर म्हणाले, "ती मोजल्याशिवाय बोलत नाही. माझंच कुठेतरी चुकलं असणार." चाळीस वर्षं सुई धरलेला माणूस, कधी स्वतःच्या मापाला चुकलं म्हणाला नाही. सगळा पट्टा परत शिवला. तिसऱ्या दिवशी मीच तो बसनं तुझ्याकडे पाठवला, आणि तू कळवलंस, आता बरोबर बसतो.

आजारपणाचं मी तुला माफ करीन की नाही, ते अजून मला कळलेलं नाही. पण या पट्ट्याचा मला फार राग आलाय. आठ दिवसांनी तुला खरं कळलं होतं. त्यानंतर अडीच वर्षं हे तुझ्यासमोर बसले होते. निदान एवढं तरी सांगायचं होतंस, की भावजी, पट्टा चांगला होता. तेवढ्यानं तुझं काय बिघडलं असतं?

आणखी एक. त्याच्या आधी दोनदा हे मला म्हणाले होते, छातीत काहीतरी फडफडतंय. मी म्हटलं, जेवल्याबरोबर वाकून कापायला बसता, दुसरं काय होणार! हे मी लेकीलाही सांगितलेलं नाही. तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. तू सगळं लिहिलंस, मग मी कशाला झाकून ठेवू?

भाषणातलं ते वाक्य खोडलंय. त्या जागी काय म्हणायचं ते सुचत नाही. कदाचित काहीच म्हणणार नाही, नुसती खाली बसेन. पण वेण्यांचं म्हणणार. ते खरं आहे, आणि ते माझं आहे.

आणि असं बघ. टाकायला तू काय जुनी वायर आहेस? आईनं माझ्या हातात तुझा हात दिला तेव्हा, चांगली वागली तरच सांभाळ, असं म्हणाली नव्हती. पण राग गेला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो गेलेला नाही. किती दिवस राहील मला माहीत नाही. पत्रातून मला रागावता येत नाही, समोर माणूस लागतं. म्हणून मी सत्तावीसला नाही, पंचवीसलाच येतेय. कानाचं यंत्र घालून येते, कारण तू काय म्हणतेस ते मला ऐकायचं आहे. तू दोन दिवस रजा टाक.

पहिल्या दिवशी आपण भांडू. दुसऱ्या दिवशी मला कॉलेजात ने आणि ती नऊ मिनिटं दाखव. कागदावर काढून देता येत असली तर सगळी काढून ठेव, एकही ठोका न वगळता. त्या नऊ मिनिटांत हे खुर्चीत बसून पेपर वाचतायत. तू पाहिलेत, त्या डॉक्टरांनी पाहिलेत. मी पाहिलेले नाहीत.

तू मोकळी ठेवलेली जागा मी भरलीय. तुझंच पत्र सोबत परत पाठवतेय, बघ. शाई वेगळी दिसेल, पण शब्द तोच आहे.

फार रागावलेली,
तुझीच,
ताई